राखलेली झाडं

देशावर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिपाई उघडली, की थोड्याच वेळात कुणीतरी मोटारसायकल थांबवतं. पहिला प्रश्न झाडाबद्दल नसतो. मोजणीचे आहात का, रस्ता कुठून जाणार, कुणाचा गट जातोय, हे आधी. तीन पायांवर उभं केलेलं यंत्र आणि त्यातून एक डोळा मिटून बघणारा माणूस म्हणजे भूसंपादन, ही गाठ आता गावोगाव पक्की बसली आहे. झाडाचा फोटो काढतोय म्हटल्यावर समोरचा एकदा झाडाकडे बघतो, एकदा आपल्याकडे, आणि मग बहुतेक वेळा झाडाची हकीकत सुरू होते. आजोबांनी लावलेलं, नाहीतर आपोआप उगवलेलं. ऐन बांधावर आहे, त्यामुळे तोडायचं कुणी यावरून दोन भावांत बोलणं बंद. सावलीनं चार ओळी ज्वारी भरत नाही, तरी ठेवलंय.

फोटोसाठी ही माहिती बिनकामाची वाटते. उजेड जात असतो, वारा पडलेला असतो, आणि समोरचा माणूस बांधाची भांडणं सांगत असतो. पण महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या मुलुखांत झाडांमागे फिरल्यावर माझं मत असं झालं आहे, की झाडाचा फोटो कसा येणार हे निम्मं त्या हकीकतीतच ठरलेलं असतं. फोटोवाल्यांना एकटं झाड फार आवडतं. सपाट रान, मोठं आभाळ, मधोमध एक झाड. हे एकटेपण निसर्गानं क्वचित दिलेलं असतं. आजूबाजूची झाडं कुणीतरी काढलेली असतात आणि हे एक कशासाठी तरी राखलेलं असतं.

मंगळवेढ्याचं काळं शिवार घ्या. मैलोगणती ज्वारी, आणि झाड म्हणाल तर बांधावर एखादी बाभूळ, विहिरीपाशी लिंब, कुठे म्हसोबाच्या दगडावर वाकलेलं बोराटं. इथे फोटोवाल्याला एक चैन असते, ती म्हणजे मागे सरकायला जागा. झाडाच्या जवळ जाऊन वाइड लेन्स लावली की बुंधा फुगतो, शेंडा आखडतो आणि झाडाचा मूळ आकार हरवतो. दोन शेतं मागे जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावली, तर झाड जसं आहे तसं उभं राहतं. कॅमेरा किती उंचीवर धरता यानंही चित्र पार बदलतं. उभ्यानं फोटो काढला तर क्षितिजाची रेघ बुंध्याला मधोमध कापते. मातीला पोट लावून झोपलात तर सगळं झाड आभाळात जातं. ट्रॉलीवर चढलात तर शिवार पसरतं आणि झाड एवढंसं होतं. जानेवारीत ज्वारी पुरुषभर उंच असते, तेव्हा बुंधा दिसतच नाही. काढणी होऊन रान भेगाळलं, की तेच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत हाती लागतं.

फोटोग्राफीच्या पुस्तकांतला पहिला धडा असा, की सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड धरा, दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा. इतर ठिकाणी हे खरं असेल. शिवारातल्या झाडाच्या बाबतीत मला तो पटेनासा झाला आहे. शेतकऱ्यानं चार ओळींचं नुकसान सोसून ते झाड ठेवलेलं असतं ते दुपारी बारा ते तीनसाठी. तेव्हाच त्याखाली भाकरीचं फडकं सुटतं, बैलं बसतात, ट्रॅक्टरवाला चाकाला टेकून झोपतो, खुरपणाऱ्या बायका पाणी पितात. उजेड पांढराफटक असतो, सावली काळीकुट्ट असते, आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. तरी तोच त्या झाडाचा खरा वेळ. सोनेरी उजेडातला फोटो देखणा येतो, पण झाड तेव्हा सुट्टीवर असतं.

एकट्या झाडांची जगभरातली प्रसिद्ध चित्रं या नजरेनं पुन्हा बघण्यासारखी आहेत. काही खरोखर निसर्गानंच एकटी केलेली. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत सेंटिनल डोम नावाच्या उघड्या ग्रॅनाइटच्या माथ्यावर एक जेफ्री पाइन होता, वाऱ्यानं आडवा वळलेला. कार्लटन वॉटकिन्सनं १८६७ मध्ये त्याचा फोटो घेतला, १९४० मध्ये अॅन्सेल अॅडम्सनं घेतला, आणि त्यानंतर डोंगर चढून आलेल्या प्रत्येकानं. १९७६-७७ च्या दुष्काळात लोकांनी बादल्यांनी पाणी वाहून नेलं, तरी तो वाळला. वाळलेला सांगाडा २००३ पर्यंत उभा होता आणि त्याचेही फोटो निघतच होते.

मादागास्करमधली गोष्ट वेगळी. मोरोंदावाजवळ मातीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोरखचिंचेच्या कुळातली तीस-तीस मीटर उंच बाओबाब झाडं उभी आहेत. मावळतीला तांबड्या आभाळावर त्यांचे काळे खांब, हे चित्र दिनदर्शिकांपासून विमान कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे असतं. ही झाडं रस्त्याच्या शोभेसाठी कुणी लावलेली नाहीत. तिथे दाट जंगल होतं. शेतीसाठी ते हळूहळू संपत गेलं आणि बाओबाब तेवढे उरले. २००७ मध्ये तो भाग संरक्षित झाला. आपण ज्या मोकळ्या आभाळावर भाळतो, ते आभाळ तिथे पूर्वी दिसत नव्हतं.

आणि राखणारा माणूस राखणं थांबवूही शकतो. जपानच्या होक्काइडो बेटावर बिएई नावाचं शेतीचं गाव आहे, चढउतारांचं, बटाट्याच्या आणि गव्हाच्या शेतांचं. तिथे शेतात एका बाजूला कललेलं पॉप्लरचं झाड होतं. ‘तत्त्वज्ञाचं झाड’ म्हणून ते गाजलं. बर्फात एकटं उभं असलेलं ते झाड टिपायला लोक दुरून यायचे, आणि थोडं पुढून चांगला कोन मिळतो म्हणून शेतात शिरायचे. पीक तुडवलं जायचं. झाडही म्हातारं झालं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मालकानं ते पाडलं. त्याच गावात २०२५ च्या जानेवारीत रस्त्याकडेची बर्चची रांग गेली. तिच्या फोटोसाठी वाहतूक अडत होती आणि पिकांवर सावली पडत होती. जगभर हळहळ झाली. माझी सहानुभूती शेतकऱ्याकडे आहे. चार ओळी ज्वारीचा हिशेब त्याचाही होताच, आणि फोटोवाल्यांनी त्यात आणखी दहा ओळींची भर घातली.

घाटाकडे सरकलं की देशावरचं सगळं शिकलेलं कुचकामी ठरतं. मावळात आणि खाली रायगड, ठाण्याच्या भातपट्ट्यात पहिल्यांदा गेलेल्या फोटोवाल्याला तिथली झाडं विद्रूप वाटतात. ऐन आणि किंजळ, एरवी भरदार डेऱ्याची झाडं, इथे खांबासारखी सरळ, अंगावर गाठी, आणि मध्येमध्ये पाल्याचे झुबके. अनेक जण कॅमेरा दुसरीकडे वळवतात. हे झाड कसं तयार होतं ते समजलं, की वळवावासा वाटत नाही.

भाताचं रोप तयार करायची जमीन पावसाआधी भाजतात. त्यासाठी हिवाळ्यात झाडावर चढून कोयत्यानं टहाळ तोडायचा, तो वाळवायचा, शेण, पाला, गवत, माती असे थर वाफ्यावर पसरायचे, आणि मे महिन्याच्या आसपास पेटवायचे. हा राब. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते, रोप जोमानं येतं. ऐन-किंजळ तोडीनंतर पुन्हा फुटतात, म्हणून ती राखायची. दरवर्षी किंवा वर्षाआड तोडायची, पण मारायची नाहीत. खाचरांच्या वर जी माळाची, उताराची वरकस जमीन असते, ती भाताच्या जोडीला असायचीच मुळी या टहाळासाठी. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा ठाणे-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) सगळ्यात मोठं गाऱ्हाणं राबाच्या हक्काचं होतं, आणि सरकारला १८८० च्या दशकात त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. एकेका झाडाच्या बुंध्यावर जेवढ्या गाठी, तेवढे कोयते. फोटो असा हवा की गाठी मोजता याव्यात. इथे बाजूनं येणारा सकाळचा कोवळा उजेडच लागतो, कारण समोरून उजेड असला की खोड सपाट दिसतं, आणि मागून असला की नुसता काळा खांब. शक्य झालं तर भाताचं खाचर त्याच चौकटीत घ्यावं. खाचरावाचून ते खोड फक्त अपंग दिसतं.

आता राबाची पद्धत कमी होत चालली आहे. रासायनिक खतं आली, टहाळ तोडायला झाडावर चढणारी तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली. तोड थांबलेली झाडं ओळखू येतात. खाली गाठीगाठींचा जुना खांब, आणि वर गेल्या काही वर्षांत मोकळा वाढलेला डेरा.

याच डोंगरांत, कधी पुढच्याच वळणावर, देवराई असते. तिथे कोयता चालत नाही. वाळकी काटकीही उचलायची नाही, असा अनेक ठिकाणी दंडक. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तोवर शहरातल्या सुशिक्षितांना त्यांची फारशी खबर नव्हती. गावाला होतीच. मावळात पवन खोऱ्यातली आजिवलीची वाघजाईची राई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे. अशा राईत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं डोळ्यांना काही दिसत नाही, आणि कॅमेऱ्याला त्याहून कमी. ऊन असेल तर पानांतून गळणारे कवडसे सगळीकडे पांढरे डाग पाडतात आणि बाकीचं काळं होतं. ढगाळ दिवशी जावं. शटर सेकंदाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापर्यंत उघडं ठेवावं लागतं, म्हणून तिपाई हवीच. आणि पुरं झाड मिळणार नाही हे कबूल करून टाकावं. मागे सरकायला गेलात की पाठीला दुसरं झाड लागतं. वर कॅमेरा उचलला की सगळी खोडं एकमेकांवर कोसळताना दिसतात. तिथे हाती लागतं ते बुंध्याचं रुंद पाऊल, मुळांच्या भिंती, माणसाच्या मांडीएवढी गारंबीची वेल एका झाडावरून तिसऱ्या झाडावर गेलेली. राईचा फोटो गर्दीचाच यायला हवा.

तिथे एक झाड वेगळं काढायचा एकच उपाय आहे, धुकं. आंबोलीला वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. मागची सगळी दाटी धुकं पुसतं, जवळचं झाड गडद, त्यामागचं फिकं, त्यामागचं जेमतेम. ली म्युंग-हो हा कोरियन छायाचित्रकार हेच काम कापडानं करतो. माळावरच्या झाडामागे तो भलामोठा पांढरा कॅनव्हास उभा करवतो, त्याला माणसं आणि क्रेन लागतात, आणि मग ते झाड चित्रात लावल्यासारखं दिसतं. आंबोलीत हा कॅनव्हास फुकट आहे, फक्त कधी टांगला जाईल आणि कधी ओढला जाईल याचा नेम नाही. लेन्सवर आतून वाफ धरते, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात, छत्री धरायला सोबती लागतो, आणि जळवा असतातच. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी पोलरायझर फिल्टरनं घालवली की हिरवा रंग एकदम खरा होतो. हा एक फिल्टर मात्र कोकणात जाणाऱ्यानं विसरू नये. बाकीचे घरी राहिले तरी चालतील.

समुद्राकडच्या सड्यांवर, रत्नागिरी-राजापूरकडे, उलटाच प्रकार. जांभ्याचा उघडा कातळ, मातीचा पापुद्रा, आणि कुठेतरी भेगेत रुजलेलं एखादं झाड, पश्चिमेच्या खाऱ्या वाऱ्यानं पूर्वेला झुकलेलं. वारा नसतानाही फोटोत वारा येतो. त्याच सड्यावर सुरुंगानं खड्डे पाडून, बाहेरून माती आणून लावलेल्या हापूसच्या बागा आहेत, रांगेत, एका उंचीच्या. दोन्ही एका चौकटीत बसवता आले तर कोकणच्या गेल्या काही पिढ्यांचा हिशेबच येतो. खाडीतल्या कांदळवनासाठी घड्याळ सोडून भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. ओहोटीला मुळं, भरतीला फक्त शेंडे.

विदर्भात झाडं बघायला जाणाऱ्यांची पंचाईत अशी, की तिथे सगळे वाघ बघायला आलेले असतात. ताडोबात जिप्सी झाडासाठी थांबवायला सांगा, गाइड आधी दुर्बीण काढतो. म्हणून जंगलाबाहेर, गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांभोवती जास्त मिळतं. मार्चमध्ये शेतांत उभे असलेले मोह बघावेत. जंगल तोडून शेत केलं तेव्हाही मोह ठेवला, कारण तो फुलांचं, तेलबियांचं, दारूचं आणि अडीअडचणीच्या काळात पोटाचं झाड. फुलं पहाटे टपटपतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळलेला असतो, त्यामुळे प्रत्येक मोहाच्या पायाशी एक काळं वर्तुळ. झुंजूमुंजूच्या उजेडात त्या काळ्यावर पिवळसर फुलं आणि वाकलेली माणसं. फोटोवाल्याला हवा तो उजेड आणि वेचणाऱ्यांचा कामाचा वेळ एकच, तेव्हा टोपल्या भरेपर्यंत काठावर थांबणं बरं. झाडाभोवतीची जागा त्या घराची असते, कागदावर असो वा नसो.

पळसासाठी फेब्रुवारी-मार्च. त्याचा केशरी रंग डिजिटल कॅमेऱ्याला झेपत नाही, लाल रंगाची नोंद वरच्या टोकाला जाऊन आदळते आणि फुलांच्या जागी सपाट डाग उरतो. एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवलं तर पाकळ्या सुट्या होतात. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या खडकाळ उतारांवर याच दिवसांत कांडोळ उघडा असतो. पान नाही, पांढरीफेक गुळगुळीत साल, चांदण्यात तर उतारावर कुणी उभं असल्याचाच भास. जवळ गेलं की अंगावर डिंकासाठी घातलेले घाव दिसतात.

पानझडीचं झाड हे फोटोग्राफीच्या जन्मापासूनचं गिऱ्हाईक. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टाल्बटनं १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला लेकॉक या आपल्या इस्टेटीवर हिवाळ्यातल्या ओकचा फोटो घेतला. कागदावरच्या त्या रसायनाला फोटो उमटवायला मिनिटं लागत, आणि ते फक्त निळसर उजेडालाच जागं व्हायचं. हिरवी पानं काळी पडायची, वारा आला की त्यांचा चिखल व्हायचा. निष्पर्ण ओक हलत नव्हता, आणि त्याची एकेक डहाळी फिक्या आभाळावर स्वच्छ उतरली. आपल्याकडे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक १९५६ चं. महिन्यामहिन्यानं झाडं बघायची त्यांची रीत कॅमेरेवाल्यांनी उचलायला हवी होती. आपण अजून पर्यटनाच्या हंगामावर चालतो आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा अर्ध्या महाराष्ट्रातली झाडं आपली हाडं दाखवतात, तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी जातो.

वड या सगळ्यातून वगळावा लागतो, कारण तो चौकटीत बसतच नाही. संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड काही एकरांत पसरला आहे. बाहेरून काढला तर तो लांबट हिरव्या टेकाडासारखा दिसतो. मग आत जावं, पारंब्यांच्या खांबांमध्ये, आणि आपण झाडाच्या आत आहोत की झाडांमध्ये हे फोटोला ठरवू द्यावं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी तो पारंब्यांवर चालूच आहे. म्हणजे तिथे ‘झाडाच्या मध्यावर’ कॅमेरा रोखला तर समोर झाड नाही.

आपल्याकडचे बाकीचे मोठे वड रस्त्यांवर आहेत, वाटसरूंसाठी लावलेले, बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले. आणि हेच आता रुंदीकरणात जातात. सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळच्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये गावकरी आणि झाडप्रेमी उभे राहिले, तेव्हा महामार्गाचा आराखडा बदलला. वाईकडच्या सुरूर रस्त्यावरच्या वडांवरून असाच वाद पेटला होता. गेरूच्या पट्ट्यावर ताज्या रंगानं लिहिलेला आकडा दिसला, की तिपाई लावताना आधी तोच आकडा नीट वाचता येईल असा एक फोटो घ्यावा, मग कलेचं बघावं. पाडापाडीच्या वादात झाड किती मोठं होतं, यावरूनही खटका उडतो. शेजारी उभा माणूस किंवा सायकल असलेला साधा फोटो तेव्हा उपयोगी पडतो, धुक्यातला पडत नाही.

शहरात तर दुसऱ्या कुठल्या फोटोची शक्यताच कमी. मुंबईच्या दादर-माटुंग्यातले पर्जन्यवृक्ष रस्त्यावर छत धरतात. त्या छतातून केबल, विजेच्या तारा, दिव्याचे खांब गेलेले, बुंध्याला गळ्यापर्यंत काँक्रीट, एका फांदीवर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक. आता मोबाइलवर बोट फिरवलं की तारा पुसल्या जातात, फलक जातो, काँक्रीटच्या जागी गवतही येतं. स्पर्धांत अशी झाडं बक्षिसं घेतात. मी तारा ठेवतो. फांद्या त्या तारांना वळसा घालून वाढल्या आहेत, एका बाजूला कापल्या गेल्या म्हणून दुसरीकडे झुकल्या आहेत. तारा पुसल्यावर राहिलेला आकार कुठल्याच मुलुखातल्या झाडाचा नसतो.